संबळ, हलगी आणि बीट: हिप-हॉप धाराशिवला पोहोचते तेव्हा

हिप-हॉप या नावाखाली चार गोष्टी एकत्र नांदतात. डीजेने तबकड्यांवर घडवलेले संगीत, एमसीने तालावर म्हटलेले शब्द म्हणजेच रॅप, जमिनीला हात टेकवून केला जाणारा ब्रेकिंगसारखा नाच आणि भिंतींवर रंगवलेली ग्राफिटी. महाराष्ट्राच्या जिल्ह्याजिल्ह्यांत यातला नाच आधी पोहोचला, रॅप बऱ्याच नंतर, आणि ग्राफिटी शहरांच्या वेशीवरच थांबली. धाराशिवसारख्या जिल्ह्यात या कलेचे काय होते हे समजून घ्यायचे तर ती मुळात कशी जन्मली आणि इथे आधीपासून काय वाजत होते, हे दोन्ही पाहावे लागते.

11 ऑगस्ट 1973 रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, 1520 सेजविक अव्हेन्यू या इमारतीतल्या रहिवाशांच्या सामायिक खोलीत सिंडी कॅम्पबेल या मुलीने एक पार्टी ठेवली. शाळा सुरू होण्याआधी नव्या कपड्यांसाठी पैसे जमवावेत, एवढाच हेतू. प्रवेश मुलींना 25 सेंट, मुलांना 50 सेंट. गाणी लावायचे काम तिच्या भावाकडे होते. क्लाइव्ह कॅम्पबेल त्याचे नाव. डीजे कूल हर्क म्हणून तो पुढे ओळखला गेला. हे कुटुंब जमैकातून स्थलांतरित झालेले. गाण्यात गायक थांबतो आणि केवळ तालवाद्ये उरतात त्या काही क्षणांची नाचणारी मुले वाट पाहतात, हे हर्कच्या लक्षात आले होते. त्या तुकड्याला ‘ब्रेक’ म्हणत. एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवून तो एकीवरचा ब्रेक संपताच दुसरीवर तोच सुरू करी, आणि काही सेकंदांचा तुकडा मिनिटामिनिटांचा होई. त्या तुकड्यावर नाचणारे ते बी-बॉय आणि बी-गर्ल.

ब्रॉन्क्सची तेव्हाची अवस्था वाईट होती. या भागाच्या मधोमध नेलेल्या महामार्गासाठी हजारो कुटुंबे उठवली गेली होती, कारखाने बंद पडत होते, विम्याच्या पैशांसाठी घरमालक आपल्याच इमारतींना आगी लावत होते. तरुणांच्या टोळ्यांनी गल्ल्या वाटून घेतल्या होत्या. डिसेंबर 1971 मध्ये, एका मध्यस्थाच्या खुनानंतर, या टोळ्यांनी हो अव्हेन्यू इथे बसून तह केला. परक्या गल्लीत जाणे त्यानंतर थोडे सोपे झाले आणि दोन वर्षांनी सुरू झालेल्या पार्ट्यांना वेगवेगळ्या भागांतली मुले येऊ शकली. भांडण संपले नाही. ते नाचात आले. त्यालाच ‘बॅटल’ म्हणतात.

या नाचाची एक शिस्त आहे आणि ती बाहेरून पाहणाऱ्याला सहसा दिसत नाही. मुले गोल करून उभी राहतात. या गोलाला ‘सायफर’ म्हणतात. एक जण आत येतो, आधी उभ्याने पावले टाकतो, मग खाली बसून हातांवर भार देत पाय फिरवतो, एखादी गिरकी डोक्यावर किंवा पाठीवर घेतो आणि अखेरीस शरीर अवघड स्थितीत एकदम थिजवतो. मग तो बाहेर पडतो आणि पुढचा आत येतो. कोणी कोणाला बोलावत नाही, कोणाचा क्रम ठरलेला नसतो. दुसऱ्याची चाल जशीच्या तशी उचलणे हा तिथे मोठा अपराध मानला जातो. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर डॉन कॅम्पबेलने रूढ केलेले लॉकिंग आणि फ्रेस्नोच्या बूगालू सॅमने घडवलेले पॉपिंग या वेगळ्या शैली; त्यांचा जन्म ब्रॉन्क्समधला नाही, पण जगभर त्या हिप-हॉपच्याच घरात धरल्या जातात.

हिप-हॉप जन्मापासूनच सामाजिक जागृतीचे साधन होते, असे सर्रास लिहिले जाते. ते अर्धेच खरे आहे. पहिली अनेक वर्षे एमसी माइकवरून नाचणाऱ्यांना उत्तेजन देत होता, आपली आणि मित्रांची फुशारकी सांगत होता. 1979 मध्ये गाजलेले ‘रॅपर्स डिलाइट’ हे मौजेचेच गाणे होते. वस्तीतली घाण, बेकारी आणि कोंडमारा थेट सांगणारे ‘द मेसेज’ आले 1982 मध्ये, म्हणजे त्या पार्टीनंतर नऊ वर्षांनी. आधी लोक जमले, ताल जमला, आणि मग त्या जमलेल्या लोकांना काही सांगता येते हे उमगले. मराठी रॅपची वाटचालही बरीचशी याच क्रमाने झाली आहे.

भारतात हा नाच 1980 च्या दशकात व्हिडिओ कॅसेटींवरून आला. 1984 च्या ‘ब्रेकिन’ या अमेरिकी चित्रपटाच्या प्रती हातोहात फिरल्या. 1985 च्या ‘मेरी जंग’मध्ये जावेद जाफरीने हिंदी प्रेक्षकांना त्याची चुणूक दाखवली. 1990 च्या दशकात बाबा सेहगलचा रॅप आला तो गमतीच्या अंगाने. 1996 मध्ये सुरू झालेल्या ‘बूगी वूगी’ या दूरचित्रवाणी स्पर्धेने मात्र घराघरांतल्या मुलांना नाच हे स्पर्धेत उतरण्यासारखे कौशल्य असल्याचे दाखवून दिले. झी मराठीच्या ‘एका पेक्षा एक’ने तेच मराठीत केले. तोवर हिप-हॉप म्हणजे नाचाचा एक प्रकार, अशीच समजूत होती.

मुंबई आणि तिच्या आसपासच्या वस्त्यांत चित्र वेगाने बदलले. धारावीत ‘स्लमगॉड्स’ या गटाने मुलांना ब्रेकिंग शिकवायला सुरुवात केली. ‘स्लमडॉग मिल्यनेअर’ या चित्रपटाने वस्तीला दिलेल्या ओळखीला ते नाव म्हणजे चोख उत्तर होते. त्याच धारावीतल्या ‘डोपअ‍ॅडेलिक्झ’ने हिंदी, मराठी, तमीळ अशा मिसळीत रॅप केला आणि 2018 च्या रजनीकांतच्या ‘काला’पर्यंत मजल मारली. वसई-नालासोपारा पट्ट्यातला ‘किंग्ज युनायटेड’ हा सुरेश मुकुंद यांचा संघ 2015 मध्ये जागतिक हिप-हॉप नृत्यस्पर्धेत कांस्यपदक घेऊन आला आणि 2019 मध्ये अमेरिकेतली ‘वर्ल्ड ऑफ डान्स’ ही स्पर्धा जिंकला. पुढच्याच वर्षी मुंबईच्या उत्तर उपनगरांपलीकडच्या मुलांच्या ‘व्ही अनबीटेबल’ने ‘अमेरिकाज गॉट टॅलेंट: द चॅम्पियन्स’ जिंकली. या संघांच्या नाचात हिप-हॉपइतकीच मल्लखांब आणि दहीहंडीच्या मनोऱ्यांची सवय दिसते. उंच फेकलेला मुलगा न पाहता झेलायचा, हे ब्रॉन्क्समध्ये कोणी शिकवत नव्हते.

रॅपला वस्तीची भाषा मिळाली ती 2014-15 च्या सुमारास. कुर्ल्याच्या नेझीचे ‘आफत’ आणि अंधेरीच्या जे. बी. नगरमधल्या डिव्हाइनबरोबरचे ‘मेरे गली में’ यांनी मुंबईची हिंदी बेधडक माइकवर आणली. सप्टेंबर 2016 मध्ये जिओची सेवा सुरू झाली, मोबाइलवरचा डेटा स्वस्त झाला आणि ही गाणी गावोगावी पोहोचली. फेब्रुवारी 2019 मध्ये झोया अख्तर यांचा ‘गली बॉय’ आला तेव्हा रॅप म्हणजे काय हे आईवडिलांनाही समजावून सांगायची गरज उरली नाही.

मराठीत सामाजिक रॅपचा पहिला ठोस आवाज ‘स्वदेसी’ या मुंबईच्या गटातून आला. यातला एमसी मवाली मराठीत लिहितो, तर 2022 मध्ये अकाली गेलेला एमसी तोडफोड गुजरातीत म्हणत असे. 2019 मधले त्यांचे ‘द वारली रिव्होल्ट’ हे गाणे आरेच्या जंगलावर आहे आणि त्यात आरेतल्याच पाड्यावरचे आदिवासी कलावंत प्रकाश भोईर यांचा सहभाग आहे. महादेव कोळी समाजातली मधुरा घाणे ‘माही जी’ या नावाने जंगल, पाणी आणि आदिवासींच्या हक्कांवर रॅप करते. अमरावतीच्या विपिन तातडच्या शब्दांत आंबेडकरी विचार सरळ येतो. त्याच शहरातला सौरभ अभ्यंकर, म्हणजे ‘100 आरबीएच’, वऱ्हाडी वळणाचा रॅप घेऊन राष्ट्रीय दूरचित्रवाणीच्या मंचावर गेला. पुण्यात संबाटासारख्या रॅपरनी पेठांच्या पलीकडच्या वस्त्यांची मराठी वापरली. 2024 चे क्रेटेक्स आणि श्रेयस यांचे ‘तांबडी चामडी’ सामाजिक आशयाचे नव्हे, नाचायचेच गाणे. पण अस्सल मराठी शब्दांवर परदेशातली मुले नाचू शकतात हे त्याने दाखवले, आणि नव्या रॅपरांना इंग्रजीची झालर लावायची गरज कमी वाटू लागली.

या नकाशावर धाराशिव जिल्हा कुठे बसतो? धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा आणि वाशी हे आठ तालुके. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या साडेसोळा लाखांवर, तीत शहरी वाटा जेमतेम सहावा. जिल्ह्याच्या मुख्य शहराची वस्ती तेव्हा लाखाच्या थोडी वर होती. ज्याला महानगरी अर्थाने कलावंतांची वस्ती म्हणावे, म्हणजे स्टुडिओ, क्लब, रोजचे सायफर, तसे इथे उभे राहायला लागणारी दाटीच नाही. कोरडवाहू शेती, वारंवारचा दुष्काळ, भूम-वाशी-कळंब भागातून हंगामाला ऊसतोडीसाठी निघणारी कुटुंबे आणि शिक्षण संपताच पुण्या-मुंबईची गाडी धरणारी मुले, असा हा जिल्हा आहे. तरीही ताल, बोल आणि नाचणारे शरीर यांचा असा साठा महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी सापडेल, आणि त्याचे केंद्र तुळजापूर आहे.

तुळजाभवानीच्या उपासनेत गोंधळ घातला जातो. गोंधळ्यांच्या दोन परंपरा: तुळजापूरच्या भवानीचे कदमराई आणि माहूरच्या रेणुकेचे रेणुराई. लग्न, जावळ, नवस फेडणे अशा निमित्ताने रात्री चौक मांडला जातो, ताटे उभी करून त्याखाली घट बसवतात, दिवटी पेटते. आधी गण, मग महाराष्ट्रातल्या साऱ्या दैवतांना नावानिशी गोंधळाला येण्याचे आवाहन, आणि त्यानंतर उत्तररंगात आख्यान. वाद्ये मोजकी असतात: संबळ, तुणतुणे, झांज. संबळ म्हणजे जोडून बांधलेली दोन चर्मवाद्ये, एकाचा आवाज खर्जातला, दुसऱ्याचा टिपेचा, दोन्ही काठ्यांनी वाजतात. रॅपच्या बीटमध्ये खालचा ठोका आणि वरचा कडक ठोका यांचा जो खेळ चालतो, तोच इथे एक माणूस दोन हातांनी रात्रभर चालवतो.

गोंधळाची बोलण्याची रीत तर याहून महत्त्वाची. गोंधळ्यांचा प्रमुख, म्हणजे नाईक, आख्यान सांगतो आणि त्याचा साथीदार मध्येच अडवतो, शंका काढतो, थट्टा करतो, गावातल्या एखाद्या ताज्या भानगडीकडे बोट दाखवतो. नाईक कधी गातो, कधी तालावर झपाझप बोलतो, कधी संबळ थांबवून साधे गद्य सांगतो. गायन आणि बोलणे यांमधली ही तालबद्ध जागा हीच रॅपची जागा आहे. हिप-हॉपच्या मंचावर मुख्य रॅपरच्या ओळीचे शेवटचे शब्द उचलून धरणारा जोडीदार असतो. गोंधळातला साथीदार त्याच्यापेक्षा जास्त धीट आहे, कारण तो मुख्य कलावंतालाच उलट प्रश्न विचारतो. यावरून गोंधळ हा ‘आपला जुना रॅप’ ठरवण्याची हौस काहींना असते. तसे म्हणण्याने दोन्हींचे नुकसान होते. गोंधळ हा विधी आहे. तो देवीसाठी घातला जातो आणि यजमानाच्या घरी घातला जातो. रॅपला ना देवता लागते ना यजमान. साम्य आहे ते कारागिरीत, आणि कारागिरीत ते पुरेसे आहे.

गोंधळ्यांखेरीज इथे आराधी आहेत, गळ्यात कवड्यांची माळ आणि हातात पेटता पोत घेऊन देवीची गाणी म्हणणारे; त्यांत स्त्रियाही मोठ्या संख्येने असतात. पोतराज आहे, अंगावर आसूड ओढत दारोदार फिरणारा. नवरात्रात आणि कोजागरीच्या यात्रेला सोलापूर, कर्नाटक, तेलंगणातून पायी येणारे जथे वाटेवर नाचत येतात. आणि सगळीकडे हलगी आहे. कातडे ताणून बसवलेले हे गोल वाद्य एक जाड आणि एक बारीक काठीने वाजते. आवाज उतरला की जाळावर शेकून पुन्हा ताणले जाते. हलगीच्या कडकडाटावर लेझीम चालते, कुस्तीचा फड तापतो, मिरवणूक पुढे सरकते.

पण हलगीबरोबर जातही येते, आणि हा मुद्दा टाळून या भागातल्या नाचाविषयी लिहिणे खोटेपणाचे होईल. कोणी काय वाजवायचे हे गावगाड्यात जन्माने ठरे. वाजवणाऱ्याला ताल हे कौशल्य म्हणून मिळत नसे, ते वतनातले काम असे, आणि त्याचा मोबदला म्हणजे बलुते व अवहेलना. 22 व 23 फेब्रुवारी 1941 रोजी याच जिल्ह्यात कसबे तडवळे इथे महार-मांग वतनदार परिषद भरली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिला आले. ही महत्त्वाची सभा होती आणि तिचा विषयच वतनाची ही बेडी होता. आंबेडकरी चळवळीत अनेकांनी गावकीची कामे सोडली, त्यांत वाजवण्याचे कामही होते. मात्र ताल सोडला नाही. भीमराव कर्डक यांच्यासारख्यांनी तमाशाचा साचा घेऊन आंबेडकरी जलसा उभा केला: गणातून देव काढला, गौळणीतून शृंगार काढला, वगात जातीचा प्रश्न घातला. त्याआधी सत्यशोधकांच्या जलशांनी हीच वाट पाडली होती. जिल्ह्याच्या सीमेला लागून असलेल्या बार्शीत 1916 मध्ये जन्मलेले शाहीर अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांनी 1944 मध्ये लाल बावटा कलापथक काढले आणि गिरणी कामगारांच्या सभा डफावर पेटवल्या. पुढे विलास घोगरे, संभाजी भगत, पुण्याचा कबीर कला मंच ही त्याच रांगेतली नावे.

ही परंपरा आणि हिप-हॉप यांच्यातला खरा दुवा इथे दिसतो. दोन्हींकडे खालच्या मानल्या गेलेल्या वस्तीने आपल्याजवळच्या स्वस्त साधनांतून कला उभी केली आणि जमलेल्या गर्दीला प्रश्न विचारले. फरक असा की जलशाला पक्ष, संघटना, निदान एक विचारधारा असे. रॅपर बहुधा एकटा असतो. त्याला बोलायला कोणाची परवानगी लागत नाही, आणि अडचणीत आल्यावर मागे उभे राहणारेही कोणी नसते. दुसरा फरक तरुणांना अधिक भावतो. हलगी वारशाने येत होती. सायफरमध्ये माणूस स्वतःच घेतलेल्या नावाने उतरतो आणि त्याची किंमत त्याच्या पुढच्या चालीवर ठरते. जात त्या गोलाबाहेर राहते असे समजणे भाबडेपणाचे आहे, पण गोलाचा नियम तरी जातीवर उभा नाही.

आज जिल्ह्यात नाच प्रामुख्याने काही ठरावीक प्रसंगीच सार्वजनिक होतो. गणेशोत्सव, नवरात्र, शिवजयंती, भीमजयंती यांच्या मिरवणुका; लग्नाची वरात; शाळा-महाविद्यालयांची स्नेहसंमेलने. मिरवणुकीत ज्याला ‘डीजे’ म्हणतात तो माणूस नसून ट्रकवर रचलेली ध्वनिवर्धकांची भिंत असते. मूळ हिप-हॉपमधला डीजे गाणे तोडून जोडणारा कारागीर होता. इथे त्या नावाखाली आवाजाची धडकी उरली आहे. ध्वनिप्रदूषणाचे 2000 चे नियम निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल एवढीच मुभा देतात, आणि वरातीतला पहिला ठोकाच ती ओलांडतो. या आवाजात शब्द ऐकूच येत नाहीत. सामाजिक आशयाचा रॅप मिरवणुकीत का टिकत नाही याचे हे साधे, तांत्रिक कारण आहे.

शब्दाला जागा मिळते ती महाविद्यालयीन मंचावर. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे उपकेंद्र धाराशिवला आहे आणि विद्यापीठाच्या युवक महोत्सवात पोवाडा, भारुड, जलसा, लावणी, लोकनाट्य असे प्रकार स्पर्धेला असतात. एरवी मोबाइलवर रॅप ऐकणारा मुलगा तिथे जलशात उभा राहतो आणि शेतकरी आत्महत्या, बालविवाह, पाणीटंचाई यांवर तालात बोलतो. एकनाथांच्या भारुडाने दिलेली सोंग घेण्याची सोय त्याच्या हाताशी असते. असे प्रशिक्षण मोठ्या शहरातल्या रॅपरला सहसा मिळत नाही.

मुलींसाठी वाट अरुंद आहे. आराधी म्हणून पोत घेऊन नाचणाऱ्या बाईला देवीचा आधार असतो. चौकात ब्रेकिंगचा सराव करणाऱ्या मुलीला तसा कोणताच आधार नाही. सोलापूर–धुळे महामार्गावर चोराखळीसारख्या गावांजवळ कलाकेंद्रे आहेत, जिथे लावणी हा अनेक स्त्रियांचा पोटाचा धंदा आहे. त्या नाचाकडे पाहण्याची जी नजर समाजाने घडवली, तीच नजर नाचणाऱ्या प्रत्येक मुलीवर पडते. म्हणून मुलींचा नाच स्नेहसंमेलनाच्या मंचावर, शिक्षकांच्या देखरेखीखाली, समूहात आणि बसवलेल्या चालींचा असतो. सायफर म्हणजे एकटीने मध्ये येणे आणि सगळ्यांच्या नजरा झेलत मनाला येईल ते करणे. कठीण आहे ते नेमके हे, गिरकी नव्हे.

राहिला मोबाइल. नाच शिकण्याची शाळा आता बहुतेकांसाठी तीच आहे. यूट्यूबवरून पावले उचलायची, गच्चीवर किंवा शेतातल्या खळ्यावर सराव करायचा, रील टाकायची. यातून कौशल्य नक्की वाढते. मात्र रीलचा कॅमेरा एका बाजूने पाहतो, सायफर चारही बाजूंनी. रीलमध्ये चुकलेली चाल पुसता येते, गोलात नाही. त्याहून मोठा बदल असा की ज्याला सायफर अपराध मानतो ती नक्कल रीलचा पायाच आहे, कारण गाजणाऱ्या चालीची हुबेहूब नक्कल केल्यानेच ती पसरते. पुण्या-मुंबईला कामाला गेलेली मुले तिथल्या बॅटल पाहून गणपतीला गावी येतात तेव्हा ही उणीव थोडी भरून निघते.

लेखनाच्या बाजूने मराठवाड्याच्या बोलीत एक सोय दडलेली आहे. मराठी वाक्य क्रियापदावर संपते, त्यामुळे ओळीअखेर यमक फुकट मिळते आणि तोच धोका आहे: ‘केले-गेले-नेले’च्या रांगा लागल्या की ऐकणारा कंटाळतो. लातूर-धाराशिवकडची ‘काय करायलास’, ‘मी जायलोय’ ही चालू काळाची रूपे प्रमाण मराठीपेक्षा लांब आणि हेलकावे घेणारी आहेत. बीटवर ती दोन ठोक्यांत पसरतात आणि शेवटच्या यमकाआधी एक आतले यमक देऊन जातात. प्रमाण भाषेत लिहून मग तालात कोंबलेला रॅप आणि या बोलीत सुचलेला रॅप यांतला फरक पहिल्या चार ओळींत कळतो. शाळेत जी बोली सुधारायला सांगितली जाते, ती इथे भांडवल ठरते.

आशयाबाबतही असाच एक फरक करायला हवा. मतदान करा, हात धुवा, झाडे लावा अशा घोषणा बीटवर बसवून घेण्याची सरकारी आणि निमसरकारी हौस वाढली आहे. त्यात वाईट काही नाही, पण त्यातून हिप-हॉप हाती येत नाही, कारण सांगणारा ऐकणाऱ्याच्या वर उभा असतो. ब्रॉन्क्समधल्या रॅपरने काय करावे हे सांगितले नव्हते; काय दिसते ते सांगितले होते. ऊसतोडीच्या कोप्यांत, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत, वाढलेल्या मुलाने सहा महिने शाळा बुडण्याविषयी स्वतःच्या तोंडाने चार ओळी म्हटल्या तर त्यांचे वजन वेगळे असते. उलट बाजूने, लोकप्रिय हिंदी-पंजाबी रॅपमधून गाड्या, दारू आणि बायकांविषयीचा हिणकसपणाही याच मोबाइलवरून येतो आणि नवशिके त्याचीच नक्कल आधी करतात. हिप-हॉप आपोआप पुरोगामी असते, हा समज त्यामुळे टिकत नाही.

सत्तेला टोचणाऱ्या ओळींचा दाम मराठी रॅपरांनी अलीकडेच मोजला. एप्रिल 2023 मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासेवर राज्यातल्या सत्तांतरावर केलेल्या रॅपबद्दल अंबरनाथला गुन्हा नोंदला गेला, तर मुंबईच्या उमेश खाडेवर ‘भोंगळी केली जनता’ या गाण्याबद्दल वडाळ्यात. दोघांच्या बाजूने आणि विरोधात राजकीय पक्ष उभे राहिले, गाणी आणखी ऐकली गेली. चैतन्य ताम्हाणे यांच्या 2014 च्या ‘कोर्ट’ या चित्रपटात खटला शाहिरावर चालतो; नऊ वर्षांनी ती जागा रॅपरने घेतली.

नाचणाऱ्याचे धोके आणि मिळकत याहून साधी आहे. ब्रेकिंगला गुळगुळीत फरशी लागते. खडबडीत कोब्यावर मनगट, खांदा आणि मान आधी जातात, आणि शिकवणारा जवळ नसेल तर ही दुखणी कायमची होतात. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्रेकिंगचा समावेश झाला, जपानच्या अमीने आणि कॅनडाच्या फिल विझार्डने सुवर्णपदके घेतली, पण 2028 च्या लॉस एंजेलिसच्या यादीत हा खेळ नाही. त्यामुळे क्रीडा म्हणून सोयी मागण्याची जी संधी दिसू लागली होती ती लांबणीवर पडली. जिल्ह्यातल्या नर्तकाची कमाई आजही लग्नाच्या संगीताचे नाच बसवणे, डिसेंबर-जानेवारीतली स्नेहसंमेलने, लहान मुलांचे उन्हाळी वर्ग आणि उत्सवांतले कार्यक्रम यांवर चालते. गोंधळ्यांचे कॅलेंडरही जवळपास हेच आहे: तुळशीचे लग्न झाले की सुपाऱ्या येऊ लागतात, लग्नसराईभर उसंत नसते, आणि आषाढ लागला की दोघेही दुसरे काम शोधतात.